बेटावरचे मॉडेलकर

आडनाव जोशी असो, पाटील असो की कांबळे. माणूस एकदा भूजलाच्या मॉडेलच्या नादी लागला की त्याचा मॉडेलकर होतो. साताऱ्याचे ते सातारकर, तसे मॉडेलमध्ये राहणारे हे मॉडेलकर. घरी येतात ते जेवायला आणि चार्जर शोधायला.

जमिनीखालचं पाणी दिसत नाही. म्हणून जमिनीचा एक तुकडा संगणकात उतरवायचा, त्यावर हिशोबाचा पाऊस पाडायचा, हिशोबाचे पंप लावायचे आणि वीस वर्षांनी विहिरीत काय उरेल ते आजच सांगून मोकळं व्हायचं, हा यांचा उद्योग. यांच्यात पोटजाती आहेत. नदीकाठच्या गाळाचे मॉडेलकर समाधानी असतात. काळ्या पाषाणाचे चिडके असतात. पण बघावेत ते बेटाचे मॉडेलकर.

लग्नाच्या पंगतीत त्यांना ओळखणं अगदी सोपं. वरणभाताआधी ते पाण्याचा घोट घेतात, तोंडात जरा घोळवतात आणि "सहाशे ऐंशी" असं पुटपुटतात. शेजारच्या पाहुण्याला वाटतं, ताटाचा दर सांगताहेत.

"छे हो, नऊशेच्या खाली कुठे मिळतंय हल्ली!" पाहुणा म्हणतो.

"कुठल्या विहिरीत?" मॉडेलकर चमकून विचारतात.

मग शर्टाच्या खिशातून पेनाएवढा मीटर निघतो, पाण्याच्या भांड्यात बुडतो आणि सातशे दहा दाखवतो. पाण्यातून वीज किती सहज जाते ते हा मीटर मायक्रोसीमेन्समध्ये सांगतो. क्षार जास्त तर आकडा मोठा. समुद्राच्या पाण्याचा पन्नास हजारांच्या घरात जातो. जिभेचा अंदाज तीसने चुकला, हे दुःख मॉडेलकरांना जिलबी येईपर्यंत पुरतं. तोवर शेजारचा पाहुणा दुसऱ्या पंगतीची वाट बघत बाहेर उभा असतो.

मूळचे हे गृहस्थ काळ्या पाषाणातलेच. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून जास्त भाग बसाल्टचा. त्यात पाणी सापडतं ते भेगांत, सांध्यांत आणि मुरमात. एका बांधावर धो धो पाणी आणि पलीकडच्या बांधावर बोअरमधून नुसता धुरळा. असल्या खडकाचं मॉडेल करणं म्हणजे कोणती भेग कुठे जाते ते मनाने ठरवणं. शिवाय गावात स्पर्धा पाणाड्याशी. पाणाड्या तळहातावर नारळ आडवा ठेवून शेतातून फिरतो. नारळ उभा राहिला की तिथे बोअर. पाणी लागलं तर पाणाड्याचा गुण, नाही लागलं तर शेतकऱ्याचं नशीब. मॉडेलकरांना ही सोय नाही. त्यांच्या अहवालावर तारीख असते, सही असते, आणि नशिबाचा रकाना कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये नसतो.

अशा पोळलेल्या माणसाला एके दिवशी लक्षद्वीपचं काम मिळतं. नकाशा पाहूनच तो प्रेमात पडतो. सरकारी मोजणीत ३६ बेटं, सगळी मिळून ३२ चौरस किलोमीटर, वस्ती मोजक्याच बेटांवर, २०११च्या जनगणनेत माणसं ६४ हजारांवर. नदी नाही, ओढा नाही, धरण नाही. वर्षाला सुमारे दीड हजार मिलिमीटर पाऊस आणि तो पिऊन टाकणारी प्रवाळाची वाळू. मॉडेलकरांच्या व्यवसायात निम्मी भांडणं हद्दीवरून होतात: पाणी या डोंगराखालून येतं की त्या? बेटाला हा तंटाच नाही. चारही बाजूंना समुद्र, पातळी शून्य. हद्द आखून तयार. देवाने हे बेट मॉडेलसाठीच घडवलं असावं, असं त्यांना वाटतं, आणि राजधानी कवरत्तीला उतरताना त्यांच्या चेहऱ्यावर सासरी पहिल्यांदा निघालेल्या जावयाचं तेज असतं.

पाणाड्याचा धंदा इथे एका दिवसात बुडेल. जेमतेम चार चौरस किलोमीटरच्या कवरत्तीवर कुठेही खणा, पुरुषभर खोलीवर पाणी आहे. नारळ प्रत्येक पावलाला उभा राहील. आणि नारळांना तर तोटाच नाही. त्यामुळे पाणी कुठे आहे, हा प्रश्नच इथे नाही. प्रश्न असा, की ते किती काढलं म्हणजे खारट होणार नाही.

हे समजावून सांगायला मॉडेलकरांना कोणीही चालतं. बोटीत शेजारी बसलेला माणूस, विमानतळावरचा जवान, भाजीवाला. गोडं पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा किंचित हलकं, चाळिसात एका भागाने. त्यामुळे बेटाच्या पोटात मुरलेलं पावसाचं पाणी खाली बुडत नाही. खाऱ्या पाण्यावर दुधावरच्या सायीसारखं धरून राहतं. मधे जाड, कडांना पातळ, म्हणून त्याला भिंग म्हणायचं. १८८०च्या दशकात बाडोन गायबेन नावाच्या डच लष्करी अभियंत्याने आणि १९०१ साली उत्तर समुद्रातल्या नॉर्डर्नाय बेटाच्या पाणीपुरवठ्याच्या निमित्ताने हर्झबर्ग या जर्मनाने एकच हिशोब वेगवेगळा मांडला: समुद्रसपाटीच्या वर हातभर गोडं पाणी असेल, तर खाली चाळीस हात असतं. या दोघांच्या आधी, १८२८ मध्ये, अमेरिकेतल्या ड्यू कोम्यून नावाच्या मास्तरांनी हेच सांगून ठेवलं होतं; पण मास्तरांचं कोण ऐकतं! इथे मॉडेलकर एक सुस्कारा सोडतात. तो स्वतःसाठी असतो.

ऐकणारा माणूस साधारण इथे खूश होतो. वर एक, खाली चाळीस. व्यवहार फायद्याचा दिसतो. मग मॉडेलकर दुसरी बाजू काढतात. प्रवाळ बेटांवर समुद्रसपाटीच्या वरची ही उंची बहुधा वितींत मोजण्याइतकीच. आणि हिशोब उलटाही चालतो. पंप लावून पाणी चार बोटं खाली नेलं, तर खालचं खारं पाणी एकशे साठ बोटं वर यायला निघतं. लगेच येत नाही, सावकाश येतं. त्यामुळे पंप लावणाऱ्याला पहिल्या वर्षी शाबासकी मिळते आणि खारट पाण्याची तक्रार पुढच्या साहेबाच्या टेबलावर जाते.

मुख्यभूमीवरून आलेल्या कंत्राटदाराला हे काही केल्या पटत नाही. त्याची सगळी हयात खोल जाण्यात गेलेली.

"साहेब, पाणी खारट लागतंय ना? अजून दोनशे फूट मारतो."

"दोनशे फुटांवर अरबी समुद्र आहे."

"म्हणजे पाणी आहे ना!"

आपल्याकडे शहाणपण म्हणजे शेजाऱ्यापेक्षा खोल बोअर. बेटावरचं शहाणपण याच्या नेमकं उलटं: उथळ राहा, पसरून घ्या, एकाच ठिकाणी जोर लावू नका. प्रशांत महासागरातल्या किरिबाटी देशाच्या तरावा बेटावर उभ्या विहिरींऐवजी भोकांच्या आडव्या नळ्या पाण्याच्या पृष्ठभागाजवळ पुरल्या आहेत. वरवरचं गोडं पाणी हळूच गोळा करायचं, खालच्याला जागं करायचं नाही. त्यासाठी जमिनी राखीव केल्या, तर मालकांशी वर्षानुवर्षांचे तंटे झाले. उथळ राहायलाही जागा लागतेच. तरी ज्या देशात खोलीलाच मान आहे तिथे उथळपणाची बाजू घेणारा हा एकच विद्वान असावा.

काम सुरू होतं ते बेट चिरण्यापासून. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने १९८४ मध्ये 'मॉडफ्लो' नावाचा प्रोग्राम काढला. गोड्या-खाऱ्याचा हिशोब त्यात बसवणारा 'सीवॅट' पुढे आला. यात बेटाचे आडवे, उभे आणि खोल असे हजारो ठोकळे पाडतात, आणि प्रत्येक ठोकळ्यात किती पाणी आलं, किती गेलं, किती खारटलं, याचा जमाखर्च संगणक मांडत बसतो. आठवड्याभरात मॉडेलकरांच्या डोक्यातून गावाचा नकाशा पुसला जातो आणि तिथे ठोकळे येतात. शाळेमागची विहीर आता ओळ बेचाळीस, रकाना सतरा. चहाच्या टपरीवर ते सहज विचारतात, "रकाना एकवीसकडे जायला इकडून रस्ता आहे का?" टपरीवाला समंजस असतो. दिल्लीहून, चेन्नईहून, कोचीहून आलेले बरेच साहेब त्याने पाहिलेले असतात. तो हात करतो त्या दिशेला जेटी असते.

पुढची पायरी म्हणजे आकडे. घरटी विहीर, आता विहीरटी पंप. पण कोण किती उपसतं याची नोंद कुठे असणार?

"रोज किती पाणी काढता?"

"लागतं तेवढं."

मॉडेलकर वहीत 'लागतं तेवढं' असं प्रामाणिकपणे लिहितात आणि संध्याकाळी त्याचे माणशी लिटर करतात. सहा महिन्यांनी तोच आकडा अहवालात तीन दशांश स्थळांपर्यंत छापलेला असतो. दशांश चिन्हापुढचं सगळं संगणकाचं, अलीकडचं त्या घरच्या गृहिणीचं.

पाण्याची पातळी मोजतानाही तीच गत. सकाळी फीत सोडली तर एक आकडा, दुपारी त्याच विहिरीत दुसरा. आधी ते फितीवर संशय घेतात, मग मदतनिसावर, आणि शेवटी त्यांना भरती-ओहोटी आठवते. बेटाच्या पोटातलं पाणी समुद्राबरोबर दिवसातून दोनदा वरखाली होतं. फक्त समुद्राच्या जरा मागून आणि जरा कमी. ते किती मागून आणि किती कमी, यावरून जमिनीतून पाणी किती सहज वाहतं ते कळतं. म्हणून मॉडेलकर दर तासाला पातळी मोजायला रात्रभर दुसऱ्याच्या परसात उकिडवे बसतात. घरमालक कंदील घेऊन येतो.

"विहिरीत काही पडलं का?"

"नाही, भरती बघतोय."

"समुद्र त्या बाजूला आहे."

"तुमच्या विहिरीतही भरती येते."

"येते की. तिच्यासाठी जागायला लागत नाही."

तो हसून जातो आणि थोड्या वेळाने काळा चहा आणून देतो. मॉडेलकर चहा पितात आणि मोबदल्यात शौचालयाचा खड्डा विहिरीपासून किती अंतरावर आहे ते विचारतात. बेटावर हा प्रश्न विचारायलाच हवा, कारण वाळू पाऊस गाळून घेते तशी बाकीचंही आत जाऊ देते आणि पाणी तर पुरुषभरच खाली. अंतर मोजून झाल्यावर मॉडेलकरांचा चेहरा पडतो. त्या घरून परत चहा येत नाही.

एवढं सगळं झाल्यावर जमिनीनेही हात दाखवायचा तो दाखवलेला असतो. वाळू सगळीकडे सारखी, हा पहिल्या दिवसाचा समज. लगूनच्या, म्हणजे प्रवाळाने अडवलेल्या सरोवराच्या, बाजूला ती बारीक, उघड्या समुद्राच्या बाजूला भरड. म्हणून गोडं पाणी मधोमध न राहता सरोवराकडे कललेलं. आणि अशा बेटांत साधारण पंधरा-वीस मीटर खाली गेलं की आणखी जुना चुनखडक लागतो, हिमयुगात उघडा पडून पावसाने पोखरलेला. त्यात खारं पाणी मोकाट फिरतं. वर एक खाली चाळीस हा हिशोब गायबेन आणि हर्झबर्ग यांनी कितीही पुढे नेलेला असो, भिंगाचं बूड तिथे कापलं जातं. बसाल्टच्या भेगांना कंटाळून आलेल्या माणसापुढे आता प्रवाळातली भोकं उभी राहतात.

मग चालू होतं ते कॅलिब्रेशन. म्हणजे मॉडेलच्या विहिरींतलं पाणी खऱ्या विहिरींतल्या पाण्याशी जुळेपर्यंत आतल्या कळा फिरवत बसायच्या. पाऊस किती मुरतो, ही एक कळ. वाळूतून पाणी किती वेगाने वाहतं, ही दुसरी. हे काम पुण्याच्या घरी, रात्री चालतं. दोन वाजता एकदम आरोळी येते.

"जुळलं!"

आतल्या खोलीतून प्रश्न येतो, "काय जुळलं?"

"सगळ्या विहिरी. चार सेंटिमीटरच्या आत!"

मॉडेलकरांच्या सौभाग्यवती बँकेत लेखापरीक्षण करतात. त्या उठून येतात, पडद्याकडे बघतात आणि विचारतात, "अहो, दुसऱ्या आकड्यांनीही जुळेल का हे?"

इथे मॉडेलकर गप्प होतात. कारण जुळतं. दुप्पट पाऊस मुरतो असं धरा आणि वाळूतून पाणी दुप्पट सहज वाहतं असं धरा. विहिरींतली सरासरी पातळी तीच येते. दोन्ही मॉडेलं तितकीच सुबक, दोन्हींचे आलेख तितकेच देखणे. फरक एवढाच, की या नव्या मॉडेलमध्ये बेटाला मिळणारं पाणी आधीच्याच्या दुप्पट आहे. पाणीपुरवठ्याची योजना कुठल्या मॉडेलवर आखायची ते आता लोकांच्या विहिरी सांगणार नाहीत. नुसती पातळी मोजून ते कळत नाही. त्यासाठी पाऊस किती मुरतो ते वेगळं मोजायला हवं, आणि खारटपणा खोलीगणिक, महिन्यागणिक मोजायला हवा.

"आमच्या शाखांतही हिशोब जुळलेलेच असतात," त्या म्हणतात. "म्हणून तर मला पाठवतात. झोपा आता."

ही गोष्ट मॉडेलकरांना नवी नसते. १९९२ साली कोनिकॉव आणि ब्रेडहोफ्ट या दोन अमेरिकन भूजलशास्त्रज्ञांनी एक निबंध लिहिला. भूजलाचं मॉडेल खरं आहे असं सिद्ध करता येत नाही. फार तर ते अजून खोटं ठरलेलं नाही एवढं म्हणता येतं, असा त्याचा मथितार्थ. हे दोघे मॉडेलद्वेष्टे नव्हते, उलट या विद्येतले दादा लोक होते. प्रत्येक मॉडेलकराच्या कपाटात या निबंधाची प्रत असते. ती फक्त बैठकीला नेत नाहीत.

बैठक हा मॉडेलकरांच्या आयुष्यातला करुण रसाचा प्रसंग. पडद्यावर बेटाचा काप येतो: गोडं पाणी निळं, खारं लाल, मधलं मिश्रण पिवळं. वीस वर्षांचा काळ वीस सेकंदांत सरकतो आणि लाल रंग पंपाखालून टेकडीसारखा वर चढतो. सभागृहातून पहिला प्रश्न येतो.

"आमचं घर पिवळ्यात का दाखवलंय?"

"ते मिश्रणाचं क्षेत्र आहे."

"मुलीचं लग्न ठरतंय. हिरवं करता येईल का?"

दुसरा प्रश्न साहेबांचा. "थोडक्यात सांगा. रोज किती पाणी काढता येईल?"

"दहा ते वीसच्या दरम्यान. शिवाय ते पंप कुठे लावता, पाऊस किती होतो, त्यावर..."

"नेमका आकडा."

"नेमका नाही सांगता येत."

"मग एवढा खर्च कशासाठी केला?"

या प्रश्नाला खरं उत्तर आहे, पण ते बैठकीत देता येण्यासारखं नाही. मॉडेलकर घाम पुसतात. इतिवृत्तात ओळ उमटते: 'तज्ज्ञांच्या मते वीसपर्यंत उपसा शक्य.' त्याच इतिवृत्तात आणखी एक नोंद असते. मॉडेलकरांनी दोन मागण्या केलेल्या असतात: ठरावीक विहिरी दर महिन्याला मोजणारा एक स्थानिक माणूस, आणि जरा वेगवान संगणक. संगणक मंजूर होतो. माणसासाठी पद नसतं.

अलीकडे मॉडेलकरांच्या पोटात एक नवी भीती आहे. २००५ साली चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेने कवरत्तीला समुद्राचं पाणी गोडं करण्याचा प्रकल्प उभारला, रोज एक लाख लिटरचा. कल्पना सुरेख आहे. साडेतीनशे मीटर खोलीवरचं थंडगार पाणी वर ओढायचं, पृष्ठभागावरचं कोमट पाणी कमी दाबाच्या टाकीत सोडून त्याची वाफ करायची, आणि थंड पाण्याने ती वाफ निववायची. पुढे मिनिकॉय, अगत्ती आणि आणखी बेटांवर तसे प्रकल्प आले. बेटावरच्या लोकांना नळाला क्षारमुक्त पाणी मिळालं आणि विहिरींवरचा भार हलका झाला. मॉडेलकर या प्रकल्पाचं कौतुक मोकळ्या मनाने करतात. फक्त कौतुक करताना आवाज एक पट्टी खाली गेलेला असतो.

"आता तुमचं काय काम?" असं कोणी विचारलंच, तर ते मालेची गोष्ट काढतात. मालदीवच्या राजधानीखालीही असंच गोड्या पाण्याचं भिंग होतं. उपशाने आणि सांडपाण्याने ते वाया गेलं आणि शहर समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या यंत्रांवर आलं. ४ डिसेंबर २०१४ रोजी त्या प्रकल्पाला आग लागली. लाखभराहून अधिक लोकांच्या नळांत एकाएकी पाणी नाही, आणि वस्तीच्या खाली भरवशाची विहीर नाही. भारताने 'ऑपरेशन नीर' काढून विमानांनी आणि नौदलाच्या जहाजांनी पाणी पाठवलं. "यंत्र बंद पडू शकतं," मॉडेलकर म्हणतात, "भिंग एकदा बिघडलं की ते दुरुस्त करायला मेकॅनिक मिळत नाही. पावसाची वाट बघावी लागते, कित्येक वर्षं." हे बोलताना त्यांचा आवाज पुन्हा मूळ पट्टीत येतो.

कुटुंबाबरोबर सहलीला गेले तरी सुट्टी नसतेच. मालवणला उतरून होडीने सिंधुदुर्गावर जातात. १६६४ साली शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर बांधायला घेतलेला किल्ला. तट बघायचा, महाराजांच्या हातापायांचे ठसे बघायचे, शिवराजेश्वराच्या मंदिरात डोकं टेकायचं, हा लोकांचा क्रम. मॉडेलकर होडीतून उडी मारून तडक विहिरींकडे. दूधबाव, दहीबाव, साखरबाव: चहूकडे खारा समुद्र आणि आत गोड्या पाण्याच्या तीन विहिरी. वाटाड्या रंगात येऊन सांगतो, "बघा मंडळी, समुद्राच्या पोटात गोडं पाणी, हा चमत्कार!" मंडळी हात जोडतात. मॉडेलकर मागून म्हणतात, "चमत्कार नाही. साधारण ४८ एकरांवरचा कोकणातला पाऊस आहे. चमत्कार जागा निवडणाऱ्याच्या नजरेत आहे आणि हिशोबाने उपसणाऱ्यांच्या शिस्तीत." मग खिशातला मीटर निघतो. वाटाड्या त्यांच्याकडे बघतच राहतो. मंडळी हात सोडतात आणि त्या दिवशी त्याची बक्षिसी निम्म्यावर येते. मुलं मात्र बाबांपासून दहा पावलं लांब, आपण यांच्यातले नाहीच अशा चेहऱ्याने समुद्र बघत उभी असतात.

हसायला येतं हे खरं. पण या माणसाबद्दल एक गोष्ट नीट सांगायला हवी. पाणी या विषयावर बोलणाऱ्या सगळ्या माणसांत स्वतःच्या चुकीची शक्यता आकड्यात लिहून देणारा हा एकटाच आहे. पाणाड्या लिहून देत नाही, कंत्राटदार लिहून देत नाही, जाहीरनामा तर नाहीच नाही. 'दहा ते वीस' हे उत्तर बैठकीला डळमळीत वाटतं, पण त्या दहा आणि वीसच्या मधलं अंतर म्हणजे आपण न मोजलेल्या विहिरी असतात. ते अंतर कमी करायचा उपाय त्यांनी सांगितलेला होता. आपण त्याऐवजी संगणक दिला.

शिवाय नेमका आकडा चुकला तरी त्यांच्या काही गोष्टी सहसा चुकत नाहीत. एका मोठ्या पंपाऐवजी दहा छोटे बरे. खोल विहिरीपेक्षा उथळ बरी. किनाऱ्यालगत उपसा नको. भिंग जिथे जाड, तिथे वरच्या जमिनीवर शौचालयाचे खड्डे नकोत. समुद्र चढेल तेव्हा चढो. त्याच्या आधी किनारा झिजून बेट अरुंद झालं, तर भिंगही पातळ होईल, म्हणून किनारा सांभाळा. हे सांगायला हजारो ठोकळे लागतात का? लागतात; कारण ठोकळे दाखवल्याशिवाय कोणी बैठक बोलावत नाही.

तेव्हा पाण्याची योजना करणाऱ्या मंडळींना, बेटावरच्या आणि बेटाबाहेरच्याही, एवढंच सांगणं आहे. मॉडेलकरांना जरूर बोलवा, चांगले पैसे द्या, त्यांचा तो निळा-लाल सिनेमा शेवटपर्यंत बघा, आणि पंप कुठे लावू नका असं ते सांगतील तिथे लावू नका. मात्र त्याआधी विहिरी मोजणाऱ्या माणसाचं पद भरा. गावातलीच एखादी मुलगी किंवा मुलगा, एक फीत, एक मीटर, एक वही आणि वेळेवर पगार. ते पद भरायची तयारी नसेल, तर मॉडेल करू नका. पाणाड्या त्यापेक्षा स्वस्त पडतो.